डोके जड असण्याचे फायदे

द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेल्या कृत्रिम पक्ष्याची कथा ज्या दिवशी प्रथम सांगितली गेली, त्या दिवसापासून आजतागायत अर्जुनाच्या डोळ्याची जेवढी वाखाणणी झाली आहे, तिच्या शतांशानेही त्याच्या बाणाची झालेली नाही, ही गोष्ट मला न्यायाच्या दृष्टीने फार काळ खटकत आलेली आहे. पक्ष्याचा केवळ डोळाच दिसणे हे मनाच्या एकाग्रतेचे लक्षण खचितच असेल. परंतु डोळा दिसला म्हणजे तो फुटतोच असे नाही, हे आमच्या कारापुरात ज्याने दुसऱ्याच्या आंब्यावर एकदा तरी दगड भिरकावला आहे असा कोणताही मुलगा शपथेवर सांगेल. दृष्टी आणि लक्ष्य या दोन प्रतिष्ठितांच्या दरम्यान जी एक काडी सारा प्रवास स्वतःच्या अंगावर घेऊन करते, तिची कैफियत मात्र कोणी ऐकून घेतलेली नाही. साखळीजवळ हरवळ्याला खडकात कोरलेली लेणी आहेत. ती पांडवांची असे इकडील लोक मानतात आणि इतिहासकार मानत नाहीत. पण मानणाऱ्यांपैकीही एकाने, एवढे मोठे धनुर्धर येथे नांदले असतील तर त्यांचे बाण सरळ करून त्यांना पिसे लावून देणारा इसम कोणत्या गुहेत राहत होता, असा प्रश्न उपस्थित केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नाही म्हणावयास भागवताच्या एकादश स्कंधात या उपेक्षित वर्गातील एका माणसाला मोठा मान मिळालेला आहे. अवधूताने जे २४ गुरू केले त्यांत पृथ्वी, वायू, आकाश, अजगर, भ्रमर अशा थोरामोठ्यांच्या पंक्तीला बाण करणारा एक कारागीर बसविलेला आहे. वाळवंटीच्या काठी साखळीला दत्तात्रेयांचे प्रसिद्ध देवस्थान असल्यामुळे ही कथा आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. राजाची स्वारी वाद्यांच्या गजरात समोरून निघून गेली तरी या गृहस्थाने मान वर केली नाही, आणि त्याच्या त्या तन्मयतेवरून अवधूताने चित्ताच्या एकाग्रतेचा बोध घेतला. हा बोध योग्यच आहे. तथापि तो शरकार त्या क्षणी नेमके काय करीत होता याविषयी माझी स्वतःची एक अटकळ आहे. तो तयार झालेला बाण बोटावर आडवा ठेवून त्याचा तोल पाहत असला पाहिजे. बोटावर बाण तोलून धरलेल्या माणसाला राजाकडेच काय, पण देणेकऱ्याकडेसुद्धा पाहता येत नाही.

ही अटकळ मला सुचली ती आमच्या शेजाऱ्यांमुळे. सारा वाडा त्यांना भाई म्हणतो, आणि तेवढ्याने आपलेही काम भागण्यासारखे आहे. भाईंची सारी हयात हिशेबाच्या कचेरीत गेली. जमा आणि खर्च यांत एका पैशाची तफावत निघाली तर ती सापडेपर्यंत दिवेलागणीनंतरही मेजावरून न उठणारे जे जुने कारकून असत, त्यांच्यापैकी ते बहुधा शेवटचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला भरलेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि तिच्याबरोबर साताऱ्यातच शिकलेल्या नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळविले. पुढे ऑक्टोबरात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या. या दोन्ही घटनांचा संयुक्त परिणाम होऊन भाईंच्या नातवाने धनुष्य मागितले, आणि लहानांच्या खेळण्यांचा ताबा वडीलधाऱ्यांकडे ज्या अलिखित कायद्याने जातो त्या कायद्यान्वये ते आठवडाभरात भाईंचे झाले.

भाताची कापणी होऊन मोकळ्या पडलेल्या मळ्यात पेंढ्याची उडवी रचून, तीपुढे लक्ष्याचा कागद टांगून आणि तेथून अठरा मीटर मोजून भाई प्रथम उभे राहिले, तेव्हा त्यांचा पवित्रा, त्यांच्या मुद्रेवरील गांभीर्य आणि ताणलेल्या प्रत्यंचेशी टेकलेली त्यांची हनुवटी पाहून आम्ही जमलेले सर्वजण मनातल्या मनात उडवीची कीव करीत होतो. ती अनाठायी ठरली. पहिला बाण शेपूट हलवीत निघाला, मध्येच त्याने काही फेरविचार केला आणि तो डावीकडच्या केळीच्या गाभ्यात आडवा जाऊन अडकला. दुसरा कोणाच्या तरी वाळत घातलेल्या लुंगीतून आरपार गेला. तिसऱ्याचा शोध दुसऱ्या दिवशी फणसावर लागला. उडवीच्या केसालाही धक्का लागला नाही; आणि सायंकाळपर्यंत गावातील गुरांनाही ही वार्ता कळली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून एक म्हैस निर्धास्तपणे त्या उडवीशीच येऊन बसू लागली.

आपल्या समाजात एखादी गोष्ट बिघडली की तिच्या कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही. त्या दिवशी मळ्याच्या बांधावर जे जाबजबाब झाले त्यांत नदीवरून येणाऱ्या वाऱ्यावर पहिला आरोप ठेवण्यात आला, दुसरा भाईंच्या डोळ्यांतील मोतीबिंदूवर, तिसरा धनुष्यावर, चौथा उजव्या कोपरावर आणि पाचवा दृष्ट लावणाऱ्या एका अनुपस्थित व्यक्तीवर. धनुष्याची बाजू घेण्यास दोघे होते, वाऱ्याची घेण्यास एक होता. बाणाचे नाव कोणी काढले नाही. निरपराध म्हणून नव्हे, तर आरोपी होण्याइतकीही त्याची योग्यता आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते म्हणून.

आणि नेमके तेथेच पाणी मुरत होते. बाणांची पेटी आल्या दिवशी भाईंनी प्रत्येक बाण बोटावर ठेवून पाहिला होता आणि तो मध्यावर न राहता पुढच्या बाजूस झुकतो हे आढळताच त्यांच्यातील हिशेबनीस जागा झाला होता. दोन्ही बाजू सारख्या भरत नाहीत असा ताळेबंद ज्याने उभ्या नोकरीत एकदाही पुढे पाठविला नाही, तो असा बाण तरी कसा पाठविणार? त्यांनी मूळची टोके काढून मिळतील तेवढी हलकी, ६० ग्रेन वजनाची टोके बसविली; शेपटाशी आपली आद्याक्षरे कोरलेले पितळेचे एक कडे घातले; जेथे प्रत्यंचा अडकते ती खाच दिवा लागणारी घेतली, कारण संध्याकाळी हरवलेला बाण तिच्यामुळे सापडतो; आणि इतक्या खटाटोपानंतर बाण बोटावर बरोबर मध्यात स्थिर राहिला, तेव्हा जमाखर्च जुळल्याचे जे समाधान निवृत्तीनंतर त्यांना दुरावले होते ते पुन्हा प्राप्त झाले. अशा रीतीने भाईंनी एक संपूर्ण निष्पक्षपाती बाण निर्माण केला. निष्पक्षपाती असल्यामुळेच त्याला कोणत्याही एका दिशेविषयी आस्था उरली नाही.

यातील शास्त्र मी जसे समजलो तसे सांगतो. उडत्या बाणाचे दोन मध्य असतात. एक त्याच्या वजनाचा, आणि दुसरा, बाण किंचित तिरका झाला असता हवेचा जो आडवा दाब त्याच्यावर पडतो, त्या दाबाचा. वजनाचा मध्य पुढे आणि दाबाचा मध्य मागे असा क्रम असला की बाण वाकडा होताच हवा त्याच्या शेपटाला धरून पुन्हा वाटेवर आणते; दोहोंमधील अंतर म्हणजे हवेच्या हाती दिलेली तरफच होय. हे अंतर कमी झाले की हवेला धरावयास काही उरत नाही आणि बाण आपल्या चुका रेंगाळत, शेपूट हलवीत दुरुस्त करू लागतो. क्रम उलटा झाला तर तो वाटेतच तोंड फिरविण्याची इच्छा व्यक्त करतो. पिसांचे खरे कार्यही हेच. ती बाणाला उडवीत नाहीत. स्वतःचे वजन फारसे न वाढविता दाबाचा मध्य मागे ओढून धरतात. तेव्हा पिसे मागे आणि भार पुढे, ही वाटणी आहे. आणि भाईंनी पितळेचे कडे पिसांच्या मुलखात नेऊन ती मोडली होती.

तिरंदाज लोक हा अग्रभार शेकड्यात मोजतात. बाण धारेवर तोलून, खाचेपासून तोलबिंदूपर्यंतचे अंतर घ्यावे. त्यातून दांड्याची अर्धी लांबी वजा करावी. बाकीस पूर्ण लांबीने भागून १०० ने गुणावे. ऑलिंपिक पद्धतीच्या धनुष्यासाठी हा आकडा ११ ते १६ च्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. त्याहून फार वाढविला तर बाण शहाण्यासारखा सरळ जातो खरा, पण दूरच्या लक्ष्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाक खाली घालतो. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरून मारा असतो आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. एवढ्या अंतरावर बाणाच्या स्वभावातील लहानसहान दोषांचेही भांडवल होते. भाईंच्या बाणाचा दांडा २८ इंचांचा व तोलबिंदू साडेचौदा इंचांवर होता. अर्धा भागिले अठ्ठावीस. अग्रभार दोन टक्क्यांच्याही आत.

हा हिशेब मी त्यांना करून दाखविला, तेव्हा त्यांनी आकडेमोड तीनदा तपासली, बरोबर असल्याची नोंद केली आणि निष्कर्ष अमान्य केला. इतकेच नव्हे, तर चार दिवसांनी ते प्रत्यक्ष वसिष्ठांना साक्षीस घेऊन आले. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत बाणांच्या तीन जाती सांगितल्या आहेत हे खरे आहे. पुढे जाड तो बाण स्त्री, मागे जाड तो पुरुष आणि सर्वत्र सारखा तो नपुंसक. स्त्रीबाण दूर जातो, पुरुषबाण कठीण वस्तू भेदतो, आणि नेम साधण्याच्या कामी नपुंसकासारखा दुसरा नाही. भाईंनी शेवटच्या वाक्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढून आणली होती. मला क्षणभर उत्तर सुचेना, कारण ऋषींच्या विरुद्ध जाण्याची आमच्या घराण्यात परंपरा नाही. परंतु ग्रंथ नीट पाहता असे दिसले की महर्षी बोलत आहेत ते दांड्याच्या जाडीविषयी. एकसारख्या जाडीच्या वेताला वा बोरूला पुढे लोखंडाचे फळ बसविल्यावर त्याचा भार आपोआप पुढे जाणार. तो मध्यावर परत आणण्यासाठी शेपटाला पितळ बांधावे असे वसिष्ठांनी कोठेही म्हटलेले नाही. उलट त्यांनी कावळा, हंस, गिधाड, मोर अशा पक्ष्यांची यादी देऊन सहा अंगुळे लांबीची चार पिसे लावण्यास सांगितले आहे. सबंध लोखंडाच्या नाराच नावाच्या बाणाला त्यांनी पाच रुंद पिसे दिली, आणि वर, हे बाण एखाद्यालाच साधतात, असा शेराही मारून ठेवला. कोणीतरी त्या काळीही मळ्यात उभे राहून पाहिले असल्याखेरीज असा शेरा लेखणीतून उतरत नाही.

वेदवाङ्मयात तर देवांनी स्वतःच एक बाण सिद्ध केल्याचा वृत्तांत आहे. असुरांच्या पुरांचा नाश करावयाचा होता, आणि ऐतरेय ब्राह्मणाप्रमाणे त्या बाणाच्या टोकाशी अग्नी बसला, शल्याचे काम सोमाकडे आले, विष्णू दांडा झाला व वरुण पिसे झाला. खातेवाटप एकंदरीत निर्दोष आहे. दाहक ते पुढे, आणि ज्याने सर्व पेलावयाचे तो मध्ये. फक्त जलाच्या अधिपतीला पिसांच्या जागी का नेमले, हे मला अद्याप उमगलेले नाही. बहुधा तो वाटपाच्या वेळी उशिरा आला असावा. पुढे याच वृत्तांताची पुराणांत त्रिपुरासुराची कथा झाली, आणि कारापूरच्या माणसाला ती ग्रंथात शोधावी लागत नाही. कार्तिकी पौर्णिमेला विठ्ठलापूरला राणे घराण्याच्या विठ्ठलमंदिरापाशी वाळवंटीच्या तीरावर उभे राहिले की पुरे. त्या रात्री त्रिपुरासुराचा वध होतो, आणि बांबू, कागद व थर्मोकोल यांच्या केलेल्या, दिव्यांनी सजविलेल्या नौका पाण्यात सोडल्या जातात. या नौका करणारी मुले शाळेत गुरुत्वमध्याची व्याख्या पाठ म्हणतात की नाही याची मला शंका आहे. पण कोणती नौका कोठे कलणार हे ती काठावरूनच सांगतात आणि तळाशी कोठे दगड ठेवावा यावर परस्परांशी भांडतात. भाईंनी त्यांच्या या शास्त्राचा आस्थेने परामर्श घेतला, परंतु नौकेचे नियम बाणास लागू करण्याजोगा शासननिर्णय त्यांच्या पाहण्यात नसल्यामुळे प्रकरण पुढे सरकले नाही.

ते सरकविले नातवाने. धनुष्यावरील हक्क गेल्यापासून तो पोरगा बांबूची कांब वाकवून, तिला सुतळी बांधून आणि खराट्यातले माडाचे हीर ओढून काढून स्वतंत्र सराव करीत होता. त्याचे हीर सरळ जात. हे भाईंच्या नजरेस आले तेव्हा त्यांनी एक हीर हाती घेऊन तपासला.

"बारीक टोक मागे का धरतोस? बाणाला पुढे निमुळते असावे लागते."

"आजोबा, तसा मारला तर तो उलटा फिरतो. जाड बाजू पुढेच लागते. तिला आणखी थोडे डांबर लावले की झाले."

शेजारच्या रस्त्याच्या कडेचे मऊ झालेले डांबर सरकारी मालमत्ता असल्याची जाणीव भाईंनी त्याला त्याच वेळी दिली. परंतु त्यांचा चेहरा उतरला होता. माडाचा हीर हा निसर्गतःच एका बाजूला जाड, म्हणजे वसिष्ठांच्या वर्गीकरणाप्रमाणे शुद्ध स्त्रीबाण; आणि त्याची ही योग्यता इकडील प्रत्येक पोराला कोणत्याही संहितेवाचून अवगत असते. राहता राहिला पुरावा. बोटावरचा तोल ठोकळ येतो, सूक्ष्म मापासाठी पातळ धार पाहिजे, म्हणून भाई स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी बाण विळीच्या पात्यावर ठेवला. वहिनी बांगडे साफ करावयास बसणार होत्या. त्यांनी तो डुलणारा बाण, त्याच्यापुढे नाकावर चष्मा ओढून ओणवे झालेले यजमान, आणि कोनाड्यात टपून बसलेले मांजर यांच्याकडे आळीपाळीने पाहिले.

"अहो, त्याच्या शेपटाला एवढे पितळ बांधल्यावर तो पुढे जाईल कसा? ते कडे काढा आधी. आणि माझी विळी सोडा."

ज्या निर्णयासाठी वसिष्ठ, ऐतरेय ब्राह्मण आणि मी इतके दिवस खपत होतो तो असा तीन वाक्यांत लागला, आणि त्यावर अपील नव्हते.

कडे निघाले, दिव्याची खाच निघाली, आणि ६० ग्रेनच्या टोकांच्या जागी १२० ग्रेनची टोके पार्सलाने मागविण्यात आली. आता हा ग्रेन म्हणजे काय, याविषयी गावात कोणालाच अंदाज नसल्यामुळे व पार्सलातील वजनावर विसंबून राहणे भाईंच्या स्वभावात नसल्यामुळे ती टोके साखळीच्या बाजारात एका सोनाराकडे नेण्यात आली. जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे १२० ग्रेन बरोबर आठ मासे, अर्थात ६४ गुंजा. सोनाराने काट्यावर एकेक टोक घालून पाहिले, त्यांतील दोन टोकांत अर्ध्या गुंजेचा फरक निघाला तो कागदावर लिहून दिला, टोक उलटसुलट करून निरखले आणि विचारले, "भाई, नथीला हे फार जड नाही होणार?" नवीन तोलबिंदू साडेसतरा इंचांवर आला. साडेतीन भागिले अठ्ठावीस, म्हणजे साडेबारा टक्के. त्या रविवारी उडवीला पहिला बाण लागला. नेम कागदाचा होता व बाण कागदाच्या हातभर खाली लागला, पण तो सरळ गेला होता आणि शेपूट न हलविता गेला होता. म्हैस उठून दुसऱ्या बांधावर गेली. बांधावर जमलेल्यांनी भाईंच्या डोळ्याची तोंड भरून स्तुती केली. मोतीबिंदूची आठवण कोणाला झाली नाही, आणि बाणाची तर पूर्वीही होत नव्हती.

येथे ही हकीकत संपावयास हरकत नव्हती. पण बाणाचे डोके जड केले की त्याचा कणा मऊ होतो, हा याच शास्त्राचा दुसरा अध्याय आहे आणि तो भाईंनी दुर्दैवाने वाचला. धनुष्य उजव्या हाताने ताणणाऱ्याचा बाण दांडीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, म्हणजे त्याचे तोंड मुळातच किंचित परक्या दिशेला असते. तरी तो लक्ष्यावर जातो. या चमत्काराला तिरंदाजाचा विरोधाभास असे नाव मिळाले, आणि पुढे क्लॅरेन्स हिकमन या पदार्थवैज्ञानिकाने अतिशीघ्र छायाचित्रे घेऊन उलगडा दाखविला की सुटलेला बाण दांडीला वळसा घालताना चक्क वाकतो, आणि नागमोडी लचकत लचकत सरळ जातो. किती लचकावे याला मर्यादा आहे. ती मोजण्यासाठी दांडा दोन टेकूंवर ठेवून त्याच्या मध्यावर सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच वाकला तर त्याच्यावर ५०० हा आकडा छापतात, पाऊण इंच वाकला तर ७५०. आकडा जितका मोठा तितका कणा मऊ. जो माणूस आयुष्यभर मोठ्या आकड्याच्या वेतनश्रेणीकडे आदराने पाहत आला त्याला हे पचविणे जड गेले, पण अपवाद म्हणून तेही त्यांनी नोंदवून घेतले. आता १२० ग्रेनच्या टोकामुळे भाईंचे ७०० आकड्याचे दांडे प्रमाणाबाहेर वाकतात आणि बाण एका अंगाला पडतात, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरेही असावे.

सबब ६०० आकड्याचे बारा नवीन दांडे खरेदी करण्याविषयीचा सकारण अर्ज, जुन्या व नव्या मापांच्या तक्त्यासह, त्यांनी गेल्या आठवड्यात वहिनींकडे रुजू केला आहे. वहिनींनी तो नामंजूर केलेला नाही; फक्त त्याच्या समासात, विळी धार लावून परत मिळाल्याखेरीज पुढील विचार होणार नाही, असा शेरा मारून तो कपाटावर ठेवून दिला आहे, आणि धार लावणारा आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा येतो.